मॉन्टी हॉलच्या कोड्यात सूत्रधाराची खोड आधीच ठाऊक असेल तर दार बदलावं का?

हो, बदलावंच. पण खोड कळली की दर डावाचा हिशोब वेगळा निघतो, तेवढा नीट बघा.

कोडं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मॉन्टी हॉल हे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळाचे सूत्रधार, त्यांच्यावरून हे नाव): तीन दारं, एकामागे मोटार, दोहोंमागे बोकड. तुम्ही एक दार धरता, सूत्रधार उरलेल्यांतलं बोकडवालं उघडतो आणि विचारतो, "बदलायचंय?" बदललं तर तीनांत दोनदा मोटार मिळते. 1990 साली अमेरिकी स्तंभलेखिका मेरिलिन व्होस सावंत यांनी हे आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा त्यांना खोडून काढणारी हजारो पत्रं आली. त्यांत गणितातले डॉक्टरेटवालेही होते!

इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी गणपतीत हाच खेळ तीन वाट्या आणि एका पेढ्यावर रंगतो. पेढा लपवणारा माझा भाचा, एक नंबरचा आळशी. नियम असा की माझी वाटी सोडून एक रिकामी वाटी त्याने उचलायचीच. दोन्ही रिकाम्या असल्या तर पठ्ठ्या हाताजवळचीच उचलणार. आता 300 डाव धरा. शंभरदा पेढा माझ्या वाटीखाली, शंभरदा त्याच्या जवळच्या, शंभरदा लांबच्या. जवळची वाटी तो 200 वेळा उचलेल, आणि त्यांत पेढा शंभरदा माझ्याकडे, शंभरदा लांबच्या वाटीखाली. म्हणजे बदला नाहीतर राहू द्या, सारखंच. पण तो कुरकुरत, अंग पुढे टाकून लांबची उचलतो, तेव्हा पेढा जवळच्या वाटीखालीच, शंभर टक्के.

सगळे डाव मिळून बदलणारा 200 जिंकतो, म्हणजे तेच तीनांत दोन. खोड कळल्याने एकही पेढा जास्त मिळत नाही. कुठल्या डावाला खात्री आहे आणि कुठे निम्मं-निम्मं, एवढंच आधी समजतं. आळस अर्धवट असला, म्हणजे कधी जवळची कधी लांबची, तरी बदलण्याची बाजू निम्म्याखाली जात नाही.

पारडं फिरतं ते दुसऱ्याच माहितीने. पेढा कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नसेल आणि त्याने अंदाजाने उचललेली वाटी रिकामी निघाली, तर निम्मं-निम्मं. 300 पैकी 100 डावांत पेढाच उघडा पडून डाव मोडतो, उरलेले 200 समसमान वाटले जातात.

आणि वाटी उचलायची सक्तीच नसेल तर? तुम्ही बरोबर वाटी धरलीत तेव्हाच "बदलता का?" असं लाडीगोडीने विचारणारा बिलंदर समोर असला, तर बदललं की हरलात. खुद्द मॉन्टी हॉल यांनी 1991 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला घरी बसवून नेमकं हेच करून दाखवलं होतं. तेव्हा पैज लावण्याआधी सूत्रधाराला विचारून घ्या: दार दर वेळी उघडणार, की तुमच्या मनात येईल तेव्हा?