देशात इतके दोष दिसत असताना ख्रिस्ती माणसाने देशासाठी देवाचे आभार का मानावेत?

आभार मानणे म्हणजे दोषांवर पांघरूण घालणे नव्हे. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने (यिर्मया 29:7) बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितले. हा तर आपला स्वतःचा देश. राज्यघटनेचे 25वे कलम मला मोठे देणे वाटते: धर्म मानण्याचा, आचरण्याचा, सांगण्याचा हक्क. पण 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींपासून आजही वंचित आहेत, ही सल आहेच. पंडिता रमाबाईंनी इथल्या विधवांचे हाल जगासमोर निर्भीडपणे मांडले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांसाठी आयुष्यही वेचले. रविवारच्या प्रार्थनेत मी आधी देशासाठी उपकारस्तुती करतो, मग त्याच देवापुढे हे गाऱ्हाणेही मांडतो.