लेखकाची बाजू कशी ओळखावी?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून तिला नवी मुंबईच्या जडणघडणीवर प्रकल्प लिहायचा आहे. सिडकोचे माहितीपत्रक, प्रकल्पग्रस्तांची स्मरणिका आणि घरखरेदी पुरवणीतील एक लेख तिने जमवला आहे. तिन्हींचा सूर वेगळा आहे. पक्षपाती मजकूर वगळावा, असे तिच्या शिक्षिकांचे म्हणणे आहे. तो ओळखायचा कसा?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : शिक्षिकांचा हेतू योग्य आहे, परंतु बाजू असलेला प्रत्येक मजकूर वगळायचा ठरवले, तर या विषयावर लिहायला फारसे काही उरणार नाही. कोणता मजकूर कोणत्या प्रश्नापुरता ग्राह्य धरायचा, हे मुलीने ठरवावे.

सिडको ही १९७० मध्ये स्थापन झालेली शासनाची कंपनी आहे आणि भूखंडांची विक्री हे तिच्या कामाचेच एक अंग आहे. त्यामुळे आराखडा, नोडची (म्हणजे शहराच्या नियोजित उपनगरांची) रचना आणि तारखा यांसाठी तिचे माहितीपत्रक खुशाल वापरावे. मात्र जमिनीचा मोबदला पुरेसा होता का, या प्रश्नावर तिचा शब्द अखेरचा मानू नये. स्मरणिका लिहिणाऱ्यांच्या जमिनी गेलेल्या असतात, आणि त्यांच्या मजकुरालाही हीच कसोटी लावावी.

पक्षपात बहुधा खोट्या वाक्यांत सापडत नाही, तो गाळलेल्या मजकुरात सापडतो. प्रकल्पग्रस्तांना त्यांच्या संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड देणाऱ्या योजनेचेच पाहा. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जणांचा बळी गेला; ही योजना त्या आंदोलनानंतरच आली. एखाद्या लेखात ही योजना निव्वळ शासनाचे औदार्य म्हणून आली आणि त्या आंदोलनाचा उल्लेखही नसला, तर त्यातील प्रत्येक वाक्य खरे असूनही लेख एकांगी ठरतो. उलट, गोळीबाराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या स्मरणिकेत पुढे भूखंड कोणाला मिळाले याविषयी चकार शब्द नसेल, तर तीही अपुरीच म्हणावी लागेल.

परस्परविरोधी बाजू ज्या तपशिलावर सहमत असतात, तो सहसा भरवशाचा असतो. लेखकाने स्वतःच्याच बाजूला अडचणीची ठरणारी गोष्ट मान्य केली असेल, तर तिचे मोल अधिक. लेखक शासन निर्णयाचा दिनांक किंवा वृत्तपत्राची तारीख देतो का, हेही पाहावे, कारण त्यावाचून पडताळणी करता येत नाही. जुन्या संदर्भांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करता येईल.

पुरवणीतील लेखाखाली महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक छापलेला असल्यास ती जाहिरात समजावी. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत तो देणे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

कोपरखैरणे गावठाणातील एखाद्या ज्येष्ठ ग्रामस्थांशीही तिने अवश्य बोलावे. त्यांनाही बाजू असणारच. म्हणून भूसंपादनाच्या वेळी त्यांचे वय काय होते आणि कुटुंबाची जमीन किती गेली, याची नोंद त्यांच्या आठवणींच्या आधी करावी.