डाभ्याचा उताराचा प्लॉट: भरू नका, आधी लेव्हल घ्या

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. नागपूरला डाभ्याकडे ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला आहे आणि रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत जमीन साधारण ९ फूट उतरते. राहणार आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन मुलं. शिवाय भाड्याने द्यायला एक लहान बिऱ्हाड हवं आहे. ठेकेदार म्हणतो, मागचा भाग मुरमाने भरून रस्त्याच्या लेव्हलला आणू, वर सरळ दोन मजले चढवू आणि भाडेकरू वर ठेवा.

भाऊ, भरू नका. त्या उतारामुळेच तुम्हाला दोन घरांना दोन वेगळी दारं मिळणार आहेत. भराव घातला की ती सोय गेली, आणि पैसेही मातीत गेले.

आम्ही २००८ साली हिंगणा रोडच्या बाजूला घर बांधलं तेव्हा हीच चूक केली. मागे साडेसहा फूट भराव होता. मुरूम सहा-आठ इंचांच्या थरांनी टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मस नाहीतर रोलरने ठोकायला हवा होता. आमच्याकडे टिप्परवर टिप्पर रिकामे झाले, वरून दोन दिवस पाणी सोडलं आणि त्यावर फरशी बसली. तिसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात, आई गव्हाची कोठी ठेवायची तिथली फरशी खचली आणि भिंतीच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट पडली. कॉलम जागेवरच होते, कारण त्यांची फुटिंग, म्हणजे पाया, खालच्या कडक मुरमावर होती. पण फरशी आणि ड्रेनेजचे पाइप भरावावर होते. भराव बसला तसा मोरीचा पाइप सांध्यात तुटला, त्याचं पाणी भरावात जिरत राहिलं आणि भराव आणखी बसला. दोनदा फरशी फोडावी लागली. कॉलम पक्के आहेत म्हणून कोणी भरावाची हमी देत असेल तर त्याला पाइप कशावर टेकणार ते विचारा.

आता तुमच्या प्लॉटचा हिशेब मांडू. रस्त्याची लेव्हल शून्य धरा. तुमचा मुख्य मजला २ फूट वर ठेवा, म्हणजे आई-बाबांना चारच पायऱ्या चढाव्या लागतील. स्लॅब ते स्लॅब १० फूट धरले तर खालच्या बिऱ्हाडाची फरशी उणे ८ फुटांवर येते. मागचं अंगण खरवडून उणे ९ वर आणलं की त्या बिऱ्हाडाला फूटभर जोतं मिळतं. हे बिऱ्हाड घराच्या फक्त मागच्या अर्ध्या भागाखाली करा. बाजूला पाच-पाच फूट सोडले तर ३० बाय २०, म्हणजे बाहेरून ६०० चौरस फूट मिळतात. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूम आणि पूर्वेला लहान ओटा एवढं नीट बसतं.

घराच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली मात्र जमीन आणि तुमची फरशी यांत साधारण साडेतीन ते साडेसहा फुटांचं अंतर राहील. ठेकेदार परत म्हणेल, इथे तरी भरू. तिथेही नको. बीमवर स्लॅब टाका आणि खाली पोकळी राहू द्या. त्या पोकळीत पाइप डोळ्यांना दिसतात, आणि माणूस वाकून आत जाऊन सांधा दुरुस्त करू शकतो.

भाडेकरूची रस्त्याकडची, जमिनीत जाणारी भिंत मातीला लावायची नाही, हे मी पुन्हापुन्हा सांगेन. आमचा भराव उपसून आम्ही पुढे खाली दोन खोल्या काढल्या होत्या आणि त्यांची एक भिंत थेट मातीला लागून होती. बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं होतं. ऑगस्टमध्ये भाडेकरूंची दहावीतली मुलगी कपाटातली वही घेऊन वर आली. पुठ्ठा हाताला ओला लागत होता आणि आतल्या पानांवर पांढरी बुरशी होती. मी त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही, पण त्याने भिंत काही सुकली नाही. म्हणून माती अडवणारी रिटेनिंग वॉल वेगळी बांधा, तिच्यापासून अडीच-तीन फूट सोडून खोलीची भिंत घ्या आणि मधल्या बोळात हवा खेळू द्या. रिटेनिंग वॉलच्या मागे गिट्टीचा थर, भिंतीत ठरावीक अंतरावर वीप होल, म्हणजे पाणी निघायची भोकं, आणि बोळाच्या तळाला बाहेर उतरणारी नाली, हे तिन्ही हवेत. भिंती बहुधा मातीच्या ओझ्यापेक्षा मागे तुंबलेल्या पाण्याने झुकतात.

माती कुठली आहे ते पाहिल्याशिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअरला डिझाइन करू देऊ नका. नागपूरच्या पश्चिमेला खाली बेसॉल्ट आहे, वर मुरूम आणि त्यावर काळी माती. उतारावरून काळी माती धुपून खाली साचते, त्यामुळे वरच्या टोकाला ती फूटभर असली तरी खालच्या टोकाला चार-पाच फूट निघू शकते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे खणून बघा. सगळ्या कॉलमची फुटिंग एकाच जातीच्या थरावर टेकली पाहिजे, मग कॉलमची उंची कमी-जास्त झाली तरी चालेल. काही मुरमावर आणि काही काळ्या मातीवर असलं तर घर तिरकं बसतं.

सगळ्यात अवघड गोष्ट संडासाच्या पाण्याची आहे आणि तीच कोणी विचारत नाही. रस्त्यावरचं चेंबर उघडून पाइपाची खोली मोजा. समजा चार फूट निघाली. तुमच्या भाडेकरूची फरशी आठ फूट खाली आहे, म्हणजे त्याचं पाणी स्वतःहून रस्त्याकडे कधीच जाणार नाही. मागे गल्ली असेल आणि तिथे ड्रेनेज लाइन असेल तर प्रश्न सुटला. तिथे जोडा, पण उलट पाणी येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बसवा. नसेल तर फक्त खालच्या बिऱ्हाडासाठी सेप्टिक टँक किंवा पंपाचं चेंबर करा. वरच्या मजल्याचं पाणी मात्र उतारानेच पुढे रस्त्याच्या ड्रेनेज लाइनला काढा. वरचं सगळं खाली आणून पंपाने वर चढवलं तर लाइट गेली की तुमच्या सहा माणसांचं पाणी भाडेकरूच्या बाथरूममध्ये उगवेल.

पावसाचंही तसंच आहे. २२-२३ सप्टेंबर २०२३ची रात्र आपण सगळ्यांनी पाहिली आहे. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. तुम्ही नदीपासून दूर आहात, पण हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर म्हणजे ९ हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते मागे भाडेकरूच्या अंगणात सोडू नका. गच्चीचा ढाळ रस्त्याकडे द्या. रस्त्यावरून आत येणारं पाणी फाटकाशीच जाळीच्या नालीत पकडा. मागच्या अंगणाचा ढाळ घरापासून लांब हवा. मागच्या प्लॉटवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा, कारण तुमच्याकडचं पाणी शेवटी त्यांच्याच कुंपणाशी जाणार आहे.

या मांडणीत भाडेकरूला एक मोठं सुख आहे. त्याच्या खोल्या पूर्वेला उघडतात, दुपारचं पश्चिमेचं ऊन तुमच्या घराआड अडतं आणि मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा खालचा मजला बराच थंड राहतो. कूलरसाठी पूर्वेच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, नळ आणि पाणी जायला पाइप बांधतानाच द्या. समोरच्या बाजूला, बोळाकडे उघडणारी खिडकी नाहीतर एक्झॉस्ट हवाच. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट नसली तर खोली दमट होते, आणि अर्धवट जमिनीत असलेल्या खोलीत तर जास्तच.

त्याची अडचणही त्याच्या जागी उभं राहून बघा. रस्त्यावरून त्याच्या अंगणात उतरायला सहा इंचांच्या १८ पायऱ्या होतात. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन कोणी तरी त्या उतरणार आहे. पायरी बारा इंच रुंद ठेवा, मध्ये एक सपाट टप्पा द्या, कठडा आणि दिवा द्या. कोटा फरशी घालणार असाल तर पॉलिश न केलेली घाला, पावसात पाय घसरत नाही. त्याच्या स्कूटरला वर रस्त्यालगत जागा लागेल, ती नकाशातच आखून ठेवा. आणि आई-बाबा पुढे खाली राहतील असा विचार करू नका. त्यांची खोली मुख्य मजल्यावर, बाथरूमला लागून हवी.

मंजुरीचं थोडक्यात. तळघरात राहण्याच्या खोल्या मंजूर होत नाहीत, म्हणून खालचा मजला नकाशात तळघर धरला जाणार की मजला, हे आर्किटेक्टने मूळ जमिनीच्या लेव्हलसह सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, काढून आधीच पक्कं करून घ्यावं. खोदण्याच्या आधीचे फोटो आणि लेव्हलचे आकडे जपून ठेवा. प्लॉटचं आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, असेल तर ते कोणत्या मापाचं आहे तेही तपासा.

भाड्याच्या बाबतीत महावितरणचं वेगळं मीटर पहिल्या दिवसापासून घ्या आणि पाण्याची टाकीही वेगळी ठेवा. ११ महिन्यांचाच असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाड्याच्या उत्पन्नात घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ती हिशेबात धरा.

खोदकाम दसऱ्यानंतर काढा आणि रिटेनिंग वॉल व खालचा स्लॅब मृगाच्या आधी पुरा करा. उघडी कापलेली माती पावसात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये स्लॅब पडला तर बारदान टाकून दिवसातून चार-पाच वेळा पाणी मारावं लागेल, तेवढ्यासाठी टँकरचे पैसे बाजूला ठेवा.

येत्या रविवारी लेव्हल घ्यायला पारदर्शक नळी, पाणी आणि एक मदतनीस घेऊन प्लॉटवर जा. चार कोपरे, मध्यभाग, रस्त्याचा मध्य आणि चेंबरमधल्या पाइपाचा तळ असे सात आकडे लिहून इथे टाका. ९ फूट हा तुमचा अंदाज आहे. तो ७ निघाला तर खालची फरशी, पायऱ्या आणि संडासाची लाइन, तिन्हींचा हिशेब बदलेल आणि आपल्याला तो परत मांडावा लागेल.