डीए आणि ऑक्सिजनच्या बाटल्या छोट्या टेम्पोतून आडव्या आणल्या तर चालतात का? वर्कशॉपमध्ये कशा ठेवाव्यात?

ऑक्सिजनची चालते. डीएची, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या ॲसिटिलीन गॅसची (डिझॉल्व्ड ॲसिटिलीन), नाही. हे एका ओळीत संपलं असतं, पण या ‘आडव्या’वरून आमच्या घरात सोळा वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

माझं कोल्हापूरजवळ शिरोलीला फॅब्रिकेशनचं शेड आहे. 2009 साली मेव्हणा भागीदार होता. ऊस वाहायच्या ट्रॉल्यांचं काम होतं, गळीत हंगामाच्या आधी द्यायच्या म्हणून रात्रंदिवस चालू. गणपतीच्या आठवड्यात डीए संपली. डीलरची गाडी दोन दिवस येणार नव्हती, म्हणून मेव्हणा स्वतः छोटा हत्ती घेऊन गेला आणि मरून रंगाची भरलेली बाटली पोत्यांवर झोपवून घेऊन आला. मी बोललो तर म्हणतो, “दाजी, बाटलीला काय चक्कर येतीय व्हय आडवी केली म्हणून?”

पाच-सहा जण उभे होते, सगळे हसले. मीही हसलो. चूक तिथेच झाली.

बाटली उभी केली, लगेच रेग्युलेटर चढवला आणि लोखंडी चॅनल तापवून सरळ करायला हीटिंग नोझल लावलं. पाच-सात मिनिटं बरं चाललं. मग ज्योत भडभडायला लागली, रंग बदलला, नोझलमधून पेटते थेंब उडाले. हेल्पर म्हणाला, “मालक, नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास येतोय.” त्या पोराला जे कळलं ते आम्हा दोघांना कळलं नाही. मेव्हण्याचं निदान तयार होतं: गॅसमध्ये पाणी घातलंय, डीलर चोर आहे.

मी बाटली तशीच उचलून डीलरकडे नेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर वाटेल ते बोललो. तिथल्या वयस्कर फोरमननी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “नेली कशी होती? उभी का आडवी?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आयटीआयमध्येच शिकवलेलं होतं, पाठही होतं, फक्त डोक्यात उतरलं नव्हतं. डीएची बाटली आतून पोकळ नसते. आत स्पंजासारखा सच्छिद्र माल भरलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं. नुसतं ॲसिटिलीन दाबून भरायला गेलं तर त्याचा आपोआप स्फोट होऊ शकतो, म्हणून हा सगळा खटाटोप. बाटली आडवी केली की ॲसिटोन व्हॉल्व्हकडे येतं. ती लगेच चालू केली की गॅसबरोबर तेही बाहेर. पोराला आलेला वास त्याचाच. आमच्या रेग्युलेटरचा पडदा गेला, नळीचं तोंड मऊ पडलं. त्या फोरमनची माफी मी मागितली नाही, खाली मान घालून निघून आलो. ते आजही टोचतं.

तर तुमच्यासाठी: डीए उभीच आणा, हौद्याला साखळीने बांधून, व्हॉल्व्हवरची टोपी घट्ट बसवून. वाटेत आडवी झालीच तर शेडमध्ये उभी करून ठेवा, निदान जितका वेळ आडवी होती तितका तरी. आम्ही रात्रभर ठेवतो. ऑक्सिजनमध्ये नुसता दाबलेला गॅस असतो, आडवी चालेल, पण भरलेल्या बाटलीत दर चौरस सेंटीमीटरला साधारण 150 किलोचा दाब असतो. टोपीशिवाय हलवली, पडली आणि व्हॉल्व्ह मोडला तर बाटली शेडची भिंत बघत नाही. आडवी ठेवलेली घरंगळू नये म्हणून दोन्हीकडून गुटके लावा. दुचाकीवरून कुठलीच बाटली आणू नका, गॅस सिलेंडर रूल्समध्ये सरळ बंदी आहे. बंद व्हॅन किंवा कारच्या डिकीतूनही नको.

ठेवताना भरलेल्या ऑक्सिजन आणि डीएमध्ये वीस फूट अंतर किंवा मधे भिंत. ऊन नको. रिकाम्या बाटल्यांचेही व्हॉल्व्ह बंद. डीएची चावी काम चालू असताना बाटलीवरच. आणि ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा हात नको, म्हणजे नकोच. मेव्हणा रेग्युलेटरचे आटे सैल चालावेत म्हणून ग्रीस लावायचा. मी तो डबा ओढ्यात फेकला होता, त्यावरही तो अजून बोलतो.

आता त्याची बाजू, नाहीतर तो हे उत्तर वाचून फोन करेल. दर भाऊबीजेला जेवण झालं की तो म्हणतो, “आडवी केल्यानं न्हाई, तुमच्या दांडग्या नोझलनं ॲसिटोन ओढलं.” यात तथ्य आहे. डीएमधून तासाला एकूण गॅसच्या सातव्या भागापेक्षा जास्त खेचू नये असा जुना नियम आहे आणि हीटिंग नोझल तो सहज मोडतं. असं काम असेल तर दोन-तीन बाटल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामाईक नळीवर, जोडा. आम्ही एकीवर भागवत होतो, ही माझी चूक. बाटली संपत आली तरी ॲसिटोन येतं, पण ही नवी होती. आणि तेच नोझल मी त्याआधी तीन वर्षं डीलरच्या गाडीतून उभ्या आलेल्या बाटल्यांवर चालवत होतो, तेव्हा एकदाही वास आला नाही. यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

एक राहिलं. कटिंगला हल्ली बरेच जण डीएऐवजी एलपीजी वापरतात. तीही उभीच. आणि घरची 14.2 किलोची टाकी शेडमध्ये आणू नका, ते बेकायदेशीर आहे.

मेव्हण्याचं आता गोकुळ शिरगावला स्वतःचं शेड आहे. गेल्या महिन्यात त्याचा टेम्पो रस्त्यात दिसला, डीए उभी, दोन साखळ्या बांधलेल्या. विचारलं तर म्हणतो, “जागा वाचतीय, दाजी.”