फिरत्या घराच्या टाकीत प्यायचं पाणी

(पिण्याच्या पाण्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या आमच्या ताई बेळगावात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : नमस्कार ताई. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि उद्यमबागेत ओळखीच्या गॅरेजात तिचं फिरतं घर करून घेतलं. सीटखाली १०० लिटरची पांढरट प्लास्टिकची टाकी, बारा व्होल्टचा पंप, ओट्यावर नळ आणि त्याखाली फिल्टर, मागच्या दाराशी छोटा शॉवर. पावसाळाभर गाडी दारात उभी होती. दसऱ्याला बाहेर काढली तर नळाला कुजका वास आणि पहिल्याच बादलीत हिरवट कण. फिल्टर नवा बसवला, दोन दिवस वास गेला, पुन्हा आला. आता चोर्ला घाटातून गोव्याला आणि तिथून गोकर्णाला जायचं आहे. घरचे म्हणतात, प्यायला बाटल्या घ्या, टाकीचा नाद सोडा. टाकीत प्यायचं पाणी ठेवता येतं की नाही, तेवढं स्पष्ट सांगा की.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ठेवता येतं. टाकी नीट धुतली, पाणी बघून भरलं आणि त्यात क्लोरीन शिल्लक राहील एवढं पाहिलं, तर टाकीचं पाणी तुम्ही दोघं बिनघोर प्या. फिल्टर बदलणं म्हणजे मात्र रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आपल्या शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून येतं. नळाला पोचेपर्यंत त्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. तेच पाणी गाडीच्या टाकीत गरम होत पडून राहिलं की क्लोरीन उडून जातं. मग जे काही जंतू उरले असतील ते भिंतीला चिकटतात आणि त्यांचा बुळबुळीत थर धरतो. एकदा थर धरला की आतल्या जंतूंपर्यंत क्लोरीन धड पोचत नाही, म्हणून नुसतं औषध ओतून भागत नाही, आधी घासावं लागतं. हिरवे कण म्हणजे शेवाळ. पांढरट प्लास्टिकमधून उजेड आत जातो, तेवढा त्याला पुरतो. कुजका वास बहुधा हवा नसलेल्या, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचा. तुमच्या फिल्टरमधल्या कोळशानं तो दोन दिवस शोषला आणि मग कोळसाच भरला. शिवाय कोळसा क्लोरीनही खातो, त्यामुळं वापरात नसलेला ओला फिल्टर ही जंतूंना राहायला उत्तम जागा.

आता टाकी. तळाचं बूच काढून पूर्ण रिकामी करा. वरचं झाकण हात जाईल एवढं नसेल तर गॅरेजवाल्याकडून तेवढं करून घ्या, यात काटकसर नको. हात आत घालून बोटं भिंतीवरून फिरवा. बोट घसरलं तर थर आहे. सगळ्यात जास्त तो सापडतो छताला, कारण तिथं पाणी हेलकावून लागतं पण उभं राहत नाही, आणि भरायचा पाइप जिथं आत उतरतो त्या कंगोऱ्याला. मऊ ब्रशनं घासा, दोनदा खळबळून पाणी सोडून द्या.

मग फिल्टरचं कार्ट्रिज काढून ठेवा, नाहीतर तेच सगळं क्लोरीन पिऊन बसेल. मेडिकलमधून सोडियम हायपोक्लोराइट आणा, सुगंध न घातलेलं, अलीकडच्या तारखेचं. बाटलीवर ४ टक्के असेल तर १२५ मिली, ५ टक्के असेल तर १०० मिली, एवढं १०० लिटरला घाला. म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम झालं. आपल्याकडं ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर साधारण १५ ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढीच ओता. पिशवी फोडून महिने झालेल्या पावडरीवर भरवसा ठेवू नका, तिचा जोर केव्हाच गेलेला असतो.

टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे छतही भिजेल. एकेक नळ उघडा आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. गरम पाण्याची लाइन, शॉवर, बाहेर पाय धुवायचा कॉक, एकही विसरू नका. शॉवरच्या जाळीत कोमट पाणी अडकून राहतं आणि ते तुषारांतून थेट छातीत जातं, म्हणून तो आवर्जून. मग गाडी किल्ल्यापर्यंत एक चक्कर फिरवून आणा आणि चार तास तशीच ठेवा. नंतर ते पाणी गटारात सोडा. शेतात, ओढ्यात किंवा आडाजवळ अजिबात नको. साध्या पाण्यानं वास जाईपर्यंत धुवा आणि मगच नवं कार्ट्रिज बसवा. ब्लीचबरोबर ॲसिड, संडास धुवायचं लिक्विड किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि गाडीसारख्या बंद जागेत तो फार धोक्याचा.

आता रोजचं भरणं. माझं सगळ्या वाचकांना कळकळीचं सांगणं आहे की पाणी डोळ्यांनी पारखू नका. प्रयोगशाळेत लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नमुना आणायचे आणि म्हणायचे, ‘बघा ताई, कसं काचेसारखं आहे.’ जंतूंच्या तपासणीसाठी आम्ही आमची निर्जंतुक बाटली द्यायचो, तळाशी क्लोरीन मारणारं कणभर थायोसल्फेट घातलेली, म्हणजे वाटेत क्लोरीन आपलं काम करत राहून निकाल फसवा यायचा नाही. काचेसारख्या पाण्यातसुद्धा मैल्याचे जंतू निघायचे. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा मैल्यातला जंतू एकही चालत नाही, आणि तो डोळ्याला कधीच दिसणार नाही.

म्हणून गाडीत क्लोरीन तपासायचा क्लोरोस्कोप ठेवा. गावोगावी पाणीवाले ओटी टेस्ट करतात ती हीच. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला की शेजारच्या पट्टीशी ताडायचा. नवीन किटमध्ये रंग गुलाबी येतो. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं. शहरातल्या नळाचं पाणी भरलं आणि ०.२ ते ०.५ दिसलं, की झालं. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी भरलं, तर १०० लिटरला ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट ५ मिली घाला, अर्धा तास थांबा आणि मग तपासा. काहीच शिल्लक नसेल तर पाण्यानं ते खाल्लं. पुन्हा निम्मं घाला, पुन्हा अर्धा तास थांबा. तरीही शून्य आलं तर ते पाणी टाकीत ठेवू नका, सोडून द्या. प्रवासात रोज सकाळी बघायचं. गाडी दिवसभर उन्हात असली की आदल्या दिवशीचं क्लोरीन दुसऱ्या दिवशी असेलच असं नाही.

तुम्ही चोर्ल्यातून जाणार, म्हणजे वाटेत जांबोटी आणि कणकुंबी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, भाविकपणे ओंजळ घ्यावीशी वाटते, तेही मला समजतं. पण तिथलं पाणी टाकीत भरू नका. उघड्या पाण्यात गुरं उतरतात, माणसं उतरतात, आणि पावसाळ्यात सगळं तांबडं होतं. मातीनं गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच संपतं. अगदीच वेळ आली तर बादलीत तुरटी फिरवा, निवळ काढा, फडक्यानं गाळा आणि प्यायचं तेवढं खळखळून एक मिनिटभर उकळा. ओढ्याच्या पाण्यातले काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, उकळण्याला देतात.

बाकीचं थोडक्यात. पेट्रोल पंपावरच्या नळाला लोक तोंड लावतात, पाय धुतात, रेडिएटरचा कॅन टेकवतात. नळाचं तोंड पुसा, मिनिटभर पाणी वाहू द्या, मग पाइप लावा. बागेचा हिरवा पाइप नको, त्याचा वास पाण्यात उतरतो. प्यायच्या पाण्यासाठीचाच पाइप घ्या, दोन्ही टोकांना टोपण ठेवा आणि संडासची टाकी धुवायचा पाइप वेगळ्या रंगाचा, वेगळ्या कप्प्यात ठेवा. टाकीला बाहेरून काळा रंग द्या किंवा जाड कापड गुंडाळा. हवेच्या नळीला बारीक जाळी लावा, डास टाकीत अंडी घालतात. फिल्टर फक्त ओट्याच्या नळाला, अगदी शेवटी, चवीसाठी. त्यातून आलेलं पाणी लगेच प्या, कळशीत साठवू नका, कारण त्यात आता क्लोरीन नाही. आरओ गाडीत बसवू नका, निम्म्याहून जास्त पाणी तो बाहेर टाकतो. आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी, बूच उघडं. पुढच्या फेरीआधी वर सांगितलेली धुलाई पुन्हा.

प्रश्न : आमच्या गाडीत स्टीलची टाकी आहे. तिलाही एवढंच औषध चालेल? आणि प्यायचं पाणी तांब्याच्या कळशीत भरून ठेवलं तर क्लोरीन लागणारच नाही ना?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : स्टीलला निम्मं, म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम, तेही चार तासांच्या वर नको. जास्त वेळ ठेवलं तर वेल्डिंगच्या रेषेवर तपकिरी ठिपके पडतात आणि पुढं तिथंच बारीक भोकं होतात. धुताना वेल्डिंग आवर्जून बघा.

स्वच्छ घासलेल्या तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हे खरं आहे. पण त्याला तास लागतात, आणि गाडीत आपण कळशी रिकामी होईल तशी वरून भरत जातो, म्हणजे रात्रभराचा हिशेब कुठंच लागत नाही. तांब्यात क्लोरीनही लवकर कमी होतं. क्लोरीनचं पाणी कळशीत घाला, त्याच दिवशी संपवा. लिंबू सरबत किंवा ताक त्यात नको.

प्रश्न : यल्लम्माच्या जत्रेला आमच्या गल्लीतले दोन ट्रॅक्टर सौंदत्तीला जातात. ट्रॉलीत २०० लिटरचा निळा बॅरल असतो, रस्त्यात जिथं बोअर दिसेल तिथं भरतो. मागच्या खेपेला तिघांना जुलाब झाले. लहान मुलंही असतात. काय करावं?
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : आधी बॅरल बघा. बाजारात मिळणारे जुने निळे बॅरल पुष्कळदा रसायनाचे असतात, आणि प्लास्टिकनं शोषलेलं रसायन कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. आत काय होतं ते छातीठोक सांगता येत नसेल तर तो प्यायच्या पाण्याला नकोच. नवा, खाण्यापिण्याच्या दर्जाचा घ्या, गल्लीत वर्गणी काढली तर जड जाणार नाही.

जुलाबाचं कारण बोअर असेल किंवा नसेल, पण बॅरलमध्ये तांब्या बुडवणारे हात नक्की असतात. तळापासून चार बोटं वर कॉक बसवून घ्या आणि झाकण बांधूनच टाका. सौंदत्तीच्या जोगुळभावी कुंडावर स्नान करा, पण तिथलं पाणी बॅरलमध्ये नको. औषध २०० लिटरला ४ टक्क्यांचं १० मिली, अर्धा तास थांबायचं. हे काम एकाच जबाबदार माणसाकडं द्या. सगळेच घालायला लागले तर दोनदा तरी पडतं नाहीतर एकदाही नाही.

ऊसपट्ट्यातल्या बोअरला खताचं नायट्रेट असू शकतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते क्लोरीननं जात नाही, उकळलं तर उलट दाट होतं. वर्षाच्या आतल्या बाळांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो, तेव्हा बाळाच्या दुधाचं पाणी घरूनच, वेगळ्या डब्यात न्या. बहुतेक ग्रामपंचायतींकडं पाणी तपासायचं किट असतं, नेहमीच्या मुक्कामाच्या बोअरचं पाणी जत्रेआधी एकदा तपासून घ्या. ओआरएसची पाकिटं सोबत असू द्या. आणि बॅरलशेजारी डिझेलचा कॅन ठेवत असाल तर तो दुसऱ्या ट्रॅक्टरवर हलवा.