रविवारची सकाळ सगळ्यांचीच मोकळी नसते

ताई, तुम्ही लिहिलंय की वडोदऱ्यातला तुमचा नाणी-तिकिटांचा क्लब महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी ४ वाजता भरतो, येणारे जवळजवळ सगळे साठीपुढचे आहेत, आणि तरुण मुलं एकदा येऊन जातात ती पुन्हा दिसत नाहीत. बैठक रविवारी सकाळी १० ला नेली तर ती येतील का, की या पिढीला संग्रहाची आवडच उरली नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

आवड आहे. हे आधी सांगतो, कारण आम्ही इंदुरात चार-पाच वर्षं तुमच्यासारखीच शंका धरून बसलो होतो आणि तेवढ्यात बरीच चांगली मुलं हातची गेली. एकदा येऊन परत न आलेला मुलगा नाण्यांना कंटाळलेला नसतो. त्या एका बुधवारसाठी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली असते. दर महिन्याला कोण टाकणार?

रविवारी सकाळी १० चा प्रयोग आम्हीही केला. पहिल्या महिन्यात खोली भरली, दुसऱ्या महिन्यात निम्मी राहिली, चौथ्या महिन्यात पुन्हा आम्हीच आठ जण पोहे-जलेबी समोर ठेवून एकमेकांचे तेच अल्बम पाहत होतो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. नोकरी करणाऱ्या माणसाच्या आठवड्यातली ती एकच सकाळ असते जिच्यावर सगळ्यांचा हक्क असतो: झोपेचा, आईला दवाखान्यात दाखवून आणण्याचा, गॅसच्या शेगडीपासून मुलाच्या प्रोजेक्टपर्यंत राहिलेल्या सगळ्या कामांचा. शिवाय भरतीच्या परीक्षा बहुतेक रविवारीच असतात. आमच्या इथे भंवरकुआँ भागात राहून तयारी करणारी तीन मुलं क्लबात यायची, त्यांची ती सकाळ परीक्षेत किंवा क्लासच्या टेस्टमध्ये जायची.

मग काय केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमची पहिली चूक वेळ निवडण्यात नव्हती, विचारण्याच्या पद्धतीत होती. आम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मतदान टाकलं होतं की कोणता वार सोयीचा. उत्तरं कोणी दिली? जे बुधवारी येतच होते त्यांनी. बहुमतानं बुधवारच निघाला. जो येत नाही तो मतदानही करत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. त्यानंतर मी वही घेऊन बसलो आणि मागच्या दोन वर्षांत एकदा किंवा दोनदा आलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. तुम्हीही हे कराच, दुसऱ्या कोणावर सोपवू नका. आणि ‘कोणती वेळ सोयीची?’ असं विचारू नका. माणूस संकोचानं ‘कधीही चालेल काका’ म्हणतो. मी विचारलं, ‘गेल्या महिन्यात मित्रमंडळींबरोबर कधी बाहेर पडलास? किती वाजता निघालास, परत कधी आलास?’ याचं उत्तर खरं मिळतं.

त्या फोनांतून मला माझंच शहर नव्यानं कळलं. माझ्या लहानपणी इंदूर मिलच्या भोंग्यावर चालायचं. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल यांच्या पाळ्या आसपासच्या सगळ्या वस्त्यांना पाठ असायच्या, आणि सरकारी कचेरी, शाळा, बँक यांच्या सुट्ट्याही जमून यायच्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. आमच्या क्लबाची वेळ मात्र त्या जुन्या घड्याळावरच राहिली होती. शहराबाहेरच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावरच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी दुपारी दीडला कामावर बसते आणि रात्री साडेदहाला उठते, तिची सुट्टी शनिवार-रविवार. पीथमपूरच्या औषध कारखान्यातल्या मुलाची पाळी दर आठवड्याला बदलते आणि येण्याजाण्यात त्याचे दोन तास मोडतात. बँकेत लागलेल्या दोघांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, पहिला आणि तिसरा कामाचा. शिकवणी घेणाऱ्या एका ताईंच्या बॅचेस संध्याकाळी ६ पर्यंत. वहीत हे सगळं एकाखाली एक लिहिलं तेव्हा एक जागा आपोआप मोकळी दिसली, महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ७ ते ९. शनिवारी रात्री उशिरा झोपलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी रविवार असतो. आणि इंदूरचा माणूस शनिवारी रात्री घरी बसतच नाही, तो बाहेर पडणारच असतो. त्या बाहेर पडण्यात आपली दोन तासांची जागा केली की झालं.

पीथमपूरच्या मुलासारख्यांना तरीही दर वेळी जमत नाही. ज्याची पाळी फिरते त्याच्यासाठी कोणताही एक वार कायमचा सोयीचा नसतो, हे मान्य करावं लागतं. म्हणून चौथ्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आम्ही तासाभराची नुसती अदलाबदल ठेवतो. भाषण नाही, हजेरी नाही. दोहोंपैकी एक तरी त्याला मिळतं. तुमच्याकडे मकरपुऱ्यात पाळीनं काम करणारे असतील, त्यांना हे उपयोगी पडेल.

आता ज्येष्ठांचं. इथे घाई करू नका. आमच्यातले एक सर बावीस वर्षं बुधवारची बैठक चालवत होते. वेळ बदलल्यावर ते म्हणाले, ‘आमची जागा काढून घेतलीत.’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड सहन होत नाही, मधुमेहवाल्याला साडेसातला जेवायचं असतं. पण माझं मत स्पष्ट आहे आणि मी ते सरांनाही सांगितलं: ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी, त्याच्याकडे बघून मुख्य बैठक ठरवावी. आपल्याकडे आठवड्याच्या सात दुपारी आहेत, त्याच्याकडे एक संध्याकाळ आहे. बुधवार आम्ही बंद केला नाही. तो आता आळीपाळीनं कोणाच्या तरी घरी भरतो, चहा होतो, अल्बम निघतात. आणि शनिवारसाठी जोड्या लावल्या. सुदामा नगरच्या सरांना राजेंद्र नगरचा मुलगा गाडीवर आणतो आणि सोडतो. त्या येण्याजाण्याच्या वाटेवर त्या मुलाला जेवढं शिकायला मिळालं तेवढं बैठकीत मिळालं नसतं. सर आता एक शनिवार चुकवत नाहीत.

वार बदलणं हे अर्धंच काम. दोन तासांच्या आत काय कधी ठेवायचं, यावर मुलं टिकतात की जातात ते ठरतं. आमच्याकडे पूर्वी लिलाव आणि अदलाबदल सुरुवातीलाच व्हायची. धावतपळत साडेसातला पोहोचलेल्या मुलीच्या वाट्याला उरलेसुरले तुकडे आणि आभारप्रदर्शन. आता पहिला अर्धा तास नुसता येण्याचा असतो, चहा आणि ज्याचे त्याचे अल्बम. साडेसातला एक छोटं व्याख्यान, पाऊण तासाच्या आत. सव्वाआठपासून अदलाबदल, शेवटी लिलाव. ज्येष्ठांना लवकर निघायचं असेल तर ते आपली बोली लिहून लिफाफ्यात ठेवून जातात आणि ती लिलावात धरली जाते. उशिरा येणाऱ्याला दारात कोणी ‘आत्ता आलास?’ म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम आहे. आणि ९ म्हणजे ९. वेळेवर सुटणारी बैठक घरच्यांनाही पटते. मुलींच्या घरून पहिला प्रश्न तोच येतो, परत कधी. एकाच बाजूला राहणाऱ्या दोघी-तिघी आमच्याकडे बरोबरच निघतात.

संध्याकाळची एक अडचण आम्ही आधी ओळखली नाही, ती म्हणजे उजेड. ट्यूबलाइटखाली चांदीचा रुपया धुतलेला आहे की मूळ रंगाचा, हे नीट कळत नाही. एका मुलानं अशा उजेडात घेतलेलं नाणं घरी दिवसाउजेडी पाहिलं तर ते घासून चकचकीत केलेलं निघालं. पहिल्याच खरेदीत तसं झालं, तो फार खट्टू झाला होता. तेव्हापासून दोन पांढऱ्या उजेडाचे टेबललॅम्प, दहापट भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हे बैठकीचं कायमचं सामान आहे. संध्याकाळी बैठक घेणार असाल तर ही खरेदी आधी करा.

कुणी म्हणेल, मग बैठक ऑनलाइनच घ्या, सगळे येतील. व्याख्यान आम्हीही फोनवरून दाखवतो, पुण्याला बदली झालेला एक जण तसाच ऐकतो. पण नाणं हातात घ्यावंच लागतं. १९१९ चा पंचम जॉर्जचा रुपया आणि १९४३ चा सहाव्या जॉर्जचा रुपया, दोघांचंही वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास. पण पहिल्यात चांदी जवळजवळ ९२ टक्के, दुसऱ्यात निम्मीच, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तिन्ही टेबलावर एकेकदा वाजवून दाखवले की नवीन मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पडद्यावर येत नाही. अहिल्याबाईंच्या काळचा महेश्वरचा रुपया, त्यावरचं शिवलिंग आणि बेलाचं पान, आणि त्याच रुपयावर फारसीत शाह आलमचं नाव. होळकरांच्या नाण्यावर दिल्लीच्या बादशहाचं नाव का, हा प्रश्न एका तेवीस वर्षांच्या मुलीनं विचारला आणि त्या रात्री लिलाव राहूनच गेला. अशी बैठक व्हायला ती मुलगी खोलीत असावी लागते.

व्याख्यानाचे विषयही मुलांनाच घेऊ द्या. होळकर संस्थानानं १८८६ मध्ये तुकोजीरावांचं चित्र असलेलं आपलं तिकीट काढलं, तर ग्वाल्हेरनं १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपलं नाव छापून घेतलं. दोन मराठी दरबारांच्या या दोन वाटांवर आमच्या बँकेतल्या मुलानं तीन शनिवार तयारी करून जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ज्याला बोलायचं असतं तो रजा काढूनही येतो.

तारखांबद्दल थोडं. दर महिन्याला नव्यानं तारीख ठरवू नका. ‘दुसरा शनिवार’ हे एकदा डोक्यात बसलं की माणूस लग्नाचं आमंत्रण आलं तरी आधी तो मोजतो. वर्षाचा तक्ता आम्ही डिसेंबरातच देतो, कारण नोकरीवाल्यांना रजा आणि रेल्वेचं आरक्षण आधी ठरवावं लागतं. अपवाद तेवढे तक्त्यातच लिहायचे. इंदुरात गणपतीचे दहा दिवस आणि रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, त्या आसपास कोणी येत नाही. तुमच्याकडे नवरात्रात गरबा सोडून कोण अल्बम उघडणार, आणि उत्तरायणाला १४-१५ जानेवारीला सगळं वडोदरं गच्चीवर असतं. तेव्हा दुसरा शनिवार त्यात आला तर सरळ पुढे ढकला. पावसाळ्यात तिकिटांचे अल्बम बाहेर काढू नका, दमटपणानं मागचा गोंद चिकटतो. त्या दोन महिन्यांत फक्त नाणी ठेवा.

लहान मुलं असलेल्या आईवडिलांना मुलांसकट बोलवा. आमच्याकडे एका ताटात १९५७ चे नवे पैसे, झालरीच्या कडेचे दहा पैसे, सहा कोनांचे ॲल्युमिनियमचे वीस पैसे ठेवलेले असतात. पोरं वर्षाप्रमाणे लावत बसतात, आईला तासभर निवांत मिळतो. शिकवणीवाल्या ताई केवळ त्या ताटामुळे येऊ लागल्या.

जागेचा प्रश्न तुम्हाला येईल. शाळेची खोली दुपारी फुकट मिळते, संध्याकाळी कुलूप लागतं. आम्हाला दोन ठिकाणी नकार मिळाला, शेवटी एका वाचनालयाची वरची खोली थोड्या भाड्यानं मिळाली. भाडं सगळ्यांत वाटून घेतलं, विद्यार्थ्यांना माफ केलं. मुख्य बैठक घरी घेऊ नका असं मी सांगेन; बुधवारी घरी जमतात ते सगळे जुने ओळखीचे, ती गोष्ट वेगळी. किमती संग्रह कोणाच्या घरात आहे हे अनोळखी माणसांना कळता कामा नये, आणि नवीन मुलालाही दुसऱ्याच्या घरात शिरताना अवघडल्यासारखं होतं.

हे सगळं बसायला आम्हाला सहा-सात महिने लागले. पहिल्या शनिवारी चारच तरुण आले होते. तरी आम्ही वार बदलला नाही. आता चौदा-पंधरा येतात, आणि ९ वाजता खोलीला कुलूप लावून त्यांतले बरेचसे सराफ्याकडे वळतात. दिवसा सोन्याचांदीची दुकानं असलेल्या त्या गल्लीत भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू (तळलेला कंद) खात त्यांची खरी अदलाबदल तिथेच चालते, असं ऐकतो.

तुम्ही फोनांची वही पूर्ण केलीत की कोणाची सुट्टी कधी, तेवढं इथे लिहा, नावं नकोत. आपण मिळून वेळ काढू. आणि पहिला शनिवार ठरला तर महिनाभर आधी सांगा. अवंतिका एक्स्प्रेसचं आरक्षण करून मी होळकरांचे रुपये घेऊन येतो, तुम्ही सयाजीरावांचे काढून ठेवा.