सिम्पसन्समध्ये बार्ट इतकी वर्षं १० वर्षांचाच आहे, मग त्या मालिकेत कंटिन्युइटी आहे तरी का?

तुम्ही विचारलंय की सिम्पसन्स ही अमेरिकन कार्टून मालिका १९८९ पासून चालू आहे, बार्ट अजून चौथीतच, आईबापाची जुनी गोष्ट दर वेळी वेगळीच दाखवतात, तर ह्यात कंटिन्युइटी, म्हणजे आधी दाखवलेलं पुढे जुळतं ठेवणं, आहे का, आणि एवढ्या वर्षांत बाहेरचं जग बदललं त्याचं ह्या लोकांनी काय केलं.

कंटिन्युइटी आहे, फक्त तारखांमध्ये शोधायला गेलात तर डोक्याला हात लावून बसाल. मी स्टार वर्ल्डच्या जमान्यापासून बघतोय, मलाही सुरुवातीला हाच किडा चावला होता.

आधी तारखांचा घोळ बघू. जानेवारी १९९१ च्या एका एपिसोडमध्ये घरातला टीव्ही बंद पडतो म्हणून बार्टची आई मार्ज पोरांना सांगत बसते की ती आणि बार्टचा बाप होमर १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षाला कसे भेटले. दोघं भेटतात ते डिटेन्शनमध्ये, म्हणजे शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर बसवून ठेवतात त्या वर्गात, आणि मार्ज तिथे का, तर स्त्रीमुक्तीच्या सभेत तिने ब्रा जाळलेली असते. म्हणजे ते ७४ साल नुसतं पाटी लावण्यापुरतं नाहीये, अख्खी गोष्ट त्या काळाच्या हवेवर उभी आहे. १९९३ च्या एका एपिसोडात तर होमरच्या लायसन्सवर जन्मतारीखच दिसते, १२ मे १९५६.

आता २००८ मध्ये या. बार्ट १० चाच ठेवायचा तर आईबाप ७४ ला शाळेत असून चालत नाही, म्हणून नवीन फ्लॅशबॅक, ह्यात होमर आणि मार्ज नव्वदच्या दशकात तरुण, होमर ग्रंज, म्हणजे त्या काळच्या खरखरीत रॉकचा बँड काढतो, मार्ज कॉलेजात जाते आणि तिथल्या प्रोफेसरच्या नादी लागते. जुने फॅन असले खवळले की विचारू नका. आणि २०२१ मध्ये आणखी एक, तिथे होमर नव्वदच्या दशकात शाळकरी पोरगा, पिझ्झाच्या दुकानात डीजेगिरी करणारा. ह्याला फ्लोटिंग टाइमलाइन म्हणतात, म्हणजे वयं खिळ्याने ठोकलेली आणि साल मात्र पुढे सरकत राहणार. आपल्या डेली सोपमध्ये लीप घेतात आणि एका रात्रीत पोरं लग्नाला येतात, त्याच्या बरोब्बर उलट.

पण सगळंच सरकत नाही आणि खरी मजा तिथे आहे. होमरची आई मोना घ्या. १९९५ च्या एपिसोडप्रमाणे १९६९ च्या सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलची मॅच टीव्हीवर बघताना तिला खेळाडू जो नेमथचे लांब कल्ले दिसतात आणि ह्या शिस्तीत कापलेल्या केसांच्या जगाबाहेरही काही आहे असं तिच्या डोक्यात शिरतं, मग ती हिप्पी पोरांमध्ये मिसळते, बर्न्सची, म्हणजे होमरच्या अणुवीज प्रकल्पाच्या मालकाची, जंतूंची प्रयोगशाळा उद्ध्वस्त करायला जाते, बर्न्स तिला ओळखतो आणि लहान होमरला झोपलेला सोडून तिला पळून जावं लागतं. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात चांगला एपिसोड आहे हा. पण आजचा होमर चाळिशीच्या आसपासचा धरला तर त्याचा जन्म ऐंशीच्या दशकातला, मग आई ६९ ला त्याला सोडून कशी जाणार? होमरच्या बापाचं, म्हणजे आजोबांचंही तेच, दुसऱ्या महायुद्धात लढलेला माणूस म्हणजे आज शंभरीला टेकलेला हवा. मुख्याध्यापक स्किनर व्हिएतनाममधून आलेला. इथे लेखक सरळ डोळेझाक करतात, कारण मोनाला १९६९ मधून उचलून १९९९ मध्ये ठेवली तर ती मोनाच राहत नाही.

स्किनरवरून आठवलं. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं की हा स्किनर मुळात स्किनर नाहीच, नाव घेऊन राहिलेला तोतया आहे. लोक भडकले, स्किनरचा आवाज देणारा हॅरी शियररसुद्धा नाराज होता. आणि त्याच एपिसोडच्या शेवटी जज हुकूम काढतो की सगळं होतं तसं राहील आणि ह्याबद्दल पुन्हा कोणी चकार शब्द काढला तर त्याचा छळ करण्यात येईल! मालिकेचा न बोललेला नियम त्यांनी कोर्टाकडूनच पास करून घेतला, ह्याहून प्रामाणिकपणा काय असतो सांगा.

मग जपलं काय? तर माणसांचं जे झालं ते. बार्टची बहीण लिसा १९९५ मध्ये शाकाहारी झाली, त्या एपिसोडमध्ये बीटल्सचा पॉल मॅकार्टनी आला तो ती कायम शाकाहारी राहणार ह्या अटीवर, आणि ती आजही आहे. शेजारीण मॉड फ्लँडर्स २००० मध्ये गेली ती गेलीच. बार्टच्या वर्गातल्या बाईंचा, मिसेस क्रबापलचा आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस २०१३ मध्ये वारल्या तेव्हा दुसरी नटी आणून काम चालवता आलं असतं, पण त्यांनी ते पात्रच थांबवलं. त्यानंतरच्या एका एपिसोडच्या सुरुवातीला बार्ट फळ्यावर एकच ओळ लिहितो, तुमची खूप आठवण येईल मिसेस के, एरवी तीच ओळ फळाभर लिहितो तो पोरगा तेव्हा एकदाच लिहून थांबतो. साल चुकलं तर ह्या लेखकांना काही वाटत नाही, पण माणूस गेलेला ते विसरत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझं म्हणणं असं की तारीख पुढे ढकलता येते पण ज्या विनोदाच्या खाली जुना समाज आहे तो विनोद तसाच पुढे ढकलला की कुठेतरी अडकतो. सुरुवातीला ही मालिका समाजाच्या पुढे होती, इतकी की १९९२ मध्ये थोरले बुश भाषणात म्हणाले अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला हवीत (वॉल्टन्स म्हणजे मंदीच्या काळातल्या एका सोज्वळ कुटुंबाची जुनी मालिका), आणि काही दिवसांतच बार्टने उत्तर दिलं की आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीसुद्धा मंदी संपायची प्रार्थना करतोय. पुढे समाज त्यांना गाठत गेला आणि काही ठिकाणी मागे टाकून गेला.

घराचंच बघा. एकट्या होमरच्या पगारावर दुमजली घर, दोन गाड्या, तीन पोरं. १९८९ मध्ये हे साधं, जरा ओढग्रस्तीतलंच घर म्हणून दाखवलं होतं, ख्रिसमसचा बोनस बुडाला तर भेटवस्तूंचे वांधे. १९९७ मध्ये त्यांनीच फ्रँक ग्राइम्स आणला, आयुष्यभर घासलेला माणूस, होमरकडे जेवायला येतो, समोर लॉबस्टर, भिंतीवर होमरचा अंतराळातला फोटो, आणि तो हबकून सांगतो की मी एका खोलीत राहतो, खाली बोलिंगचं सेंटर आणि वरही बोलिंगचं सेंटर. तेव्हा आम्ही होमरच्या बाजूने हसायचो. आता भाडं भरणारा कोणीही तो एपिसोड बघतो तो ग्राइम्सच्या बाजूने, सीन तोच, एक फ्रेम बदललेली नाही. २०२२ मध्ये तर बार्टला बापासारखंच व्हावंसं वाटतं आणि एक सफाई कामगार ह्यू जॅकमनच्या आवाजात गाणं म्हणून त्याला समजावतो की बाळा तसली नोकरी आणि तसलं घर आता मिळत नाही. इथे त्यांनी जुनं घर न पाडता त्याच्याच पोटातून नवीन गोष्ट काढली, मला हे फार आवडलं.

अपूच्या, म्हणजे गावातल्या भारतीय दुकानदाराच्या बाबतीत मात्र माती खाल्ली. आणि मी हे त्याचा फॅन असून सांगतो. १९९६ च्या एपिसोडात बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध गावात मतदान असतं, तेव्हा कळतं की अपू कॉम्प्युटर सायन्स शिकायला अमेरिकेत आलेला, 'कॅलटेक' म्हणजे कलकत्ता टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ७० लाखांच्या वर्गात पहिला आलेला! ह्यावर मी अजून हसतो. पण आडनाव असं की भारतात कोणाचं नसेल, आणि आवाज हँक अझारियाचा, गोरा माणूस आपला हेल काढणार. आपल्याकडे सोफ्यावर बसून बघणाऱ्याला काही वाटत नव्हतं, पण न्यू जर्सीत शाळेत जाणाऱ्या माझ्या आत्येभावाला पोरं मागून अपूचं 'थँक्यू, कम अगेन' ओरडायची, त्याला विचारा. २०१७ मध्ये भारतीय वंशाच्या कॉमेडियन हरी कोंडाबोलूने ह्याच विषयावर डॉक्युमेंटरी केली. त्यावर २०१८ मधलं मालिकेचं उत्तर काय, तर लिसा अंथरुणात बसून कॅमेऱ्याकडे बघत म्हणते की पूर्वी ज्याचं कौतुक झालं ते आता चुकीचं ठरतंय, काय करणार, आणि शेजारी अपूचा फोटो. हे वाक्य लिसाच्या तोंडी! जी पोरगी मटण बघून जेवण सोडते, गावातल्या प्रत्येक अन्यायावर भांडते तिला त्यांनी खांदे उडवायला लावले. १९७४ चं नव्वदचं दशक होणं मला कंटिन्युइटीचा घोटाळा वाटत नाही, हा मात्र वाटतो. २०२० मध्ये अझारियाने तो आवाज सोडला, त्याच वर्षी गोऱ्या नटांनी इतर वंशाच्या पात्रांना आवाज द्यायचा नाही असं ठरलं, कार्ल आणि डॉक्टर हिबर्ट ह्या कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज बदलले, आणि अपूची बोलती तेव्हापासून जवळजवळ बंदच आहे.

बाकीचं पटकन सांगतो. मार्जची बहीण पॅटी २००५ मध्ये उघडपणे लेस्बियन, म्हणजे समलिंगी विवाह अमेरिकाभर कायदेशीर व्हायच्या १० वर्षं आधी, तर बर्न्सच्या सहाय्यकाचं, स्मिदर्सचं, बर्न्सवरचं प्रेम इशाऱ्या-इशाऱ्यात चालवत चालवत २०१६ उजाडलं. चिडला की होमर बार्टचा गळा दाबायचा, त्याचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये होमर नव्या शेजाऱ्याशी हात मिळवतो, तो म्हणतो पकड जोरदार आहे, होमर म्हणतो बार्टचा गळा दाबून झाली, मग लगेच, गंमत केली, मी आता ते करत नाही, काळ बदललाय. नेटवर केवढा गदारोळ झाला त्यावरून, शेवटी निर्मात्यांना सांगावं लागलं की असं काही कायमचं ठरलेलं नाहीये.

तेव्हा पहिल्यापासून ओळीने बघत तारखा जुळवत बसू नका, साडेसातशेच्या वर एपिसोड आहेत आणि सध्याच्या करारानुसार २०२८-२९ पर्यंत येतच राहणार. त्यापेक्षा १९९७ चा ग्राइम्सचा आणि २०२२ चा गाण्याचा असे दोन एका बैठकीत बघा, आणि जमलं तर मध्ये मोनाचा. जिओहॉटस्टारवर असावेत, नसतील तर कमेंटमध्ये ओरडा.